लुकास, तू नाव सांगितलं नाहीस

लुकास, तुझ्या मातीला मी आलो, मूठभर माती टाकली आणि कोणाशी न बोलता गाडीत जाऊन बसलो. डोळ्यांत पाणी आलं नाही. तुझ्या बायकोनं ते पाहिलं, आणि तिनं पाहिलं हे मी पाहिलं. तिला वाटलं असेल, शाळेपासूनची दोस्ती आणि हा माणूस दगड. तिला काय सांगणार? मी तुझ्यावर रागावलो होतो. माणूस गेला म्हणून त्याच्यावरचा राग त्याच्याबरोबर पुरता येत नाही. आपलं भांडण अर्धं होतं. सात वर्षं अर्धं होतं. आणि तू झोपेतच गेलास, मला एकही वाक्य बोलू न देता.

त्याला आता अठरा दिवस झाले. आज लिहायला बसलोय, कारण काल मी तिथं जाऊन आलो. तू दर नाताळला सांगायचास आणि मी दर नाताळला टाळायचो, तिथं.

नवापूरच्या मिशन बोर्डिंगात आपण शेजारी शेजारी चटया टाकून झोपायचो. मी फादर व्हावं असा माझ्या आईचा नवस होता, तुझ्या आईचा काहीच नव्हता. मी नववीत भिंत ओलांडून पळालो. तू शिकलास, त्याच शाळेत मास्तर झालास आणि रविवारी चर्चमध्ये प्रार्थना सांगायला लागलास. मी नंदुरबारला येऊन मिरचीच्या पथारीवर पोती वाहिली. उघड्या माळावर लांबच लांब पसरलेली लाल मिरची, तिच्यात दिवसभर उभं राहायचं. पहिल्या हंगामात खोकून खोकून माझ्या तोंडातून रक्त आलं. दहा वर्षांनी तशीच एक पथारी माझी झाली. कोणी दिली नाही, मी घेतली. बाजारात लोक तोंडावर शेठ म्हणतात आणि पाठीमागं ‘ते मिशनवालं’. तू मात्र कायम फिल्याच म्हणालास. फिलिप हे पूर्ण नाव तुझ्या तोंडी कधी आलं नाही.

धंद्यात मी एकच गोष्ट शिकलो. पोत्याच्या तोंडाशी असते ती मिरची बघायची नाही. हात कोपरापर्यंत आत घालायचा, तळातली मूठ बाहेर काढायची, डेठ मोडायचं, वास घ्यायचा. शेतकरी चिडतात. एकदा तू यार्डात माझ्याशेजारी उभा होतास तेव्हा एक म्हातारा ओरडला, “शेठ, मिरची शे, पोरगी दखाले नही उनात तुम्ही!” मुलगी बघायला आल्यासारखा दिसत असेन मी. तू इतका हसलास की तुझा चष्मा ढिगात पडला. मी त्या म्हाताऱ्याला भाव वाढवून दिला नाही. तेवढ्यावरून तू घरापर्यंत माझ्याशी भांडलास.

आणि असा मी, एका फोटोला फसलो. गळ्यात क्रूस घातलेला, गोड बोलणारा एक माणूस दुकानात आला. त्याच्याकडे प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला फोटो होता, पांढऱ्या झग्यातला एक तरुण, हातात जपमाळ. हा ब्रदर सेमिनरीत, फादर होण्याच्या शिक्षणात, शेवटच्या वर्षाला आहे म्हणाला, बाप अंथरुणाला खिळलाय, दीक्षा तोंडावर आलीय, फी थकलीय. मी गल्ल्यातून काढून रोख दिले. पुन्हा आला, पुन्हा दिले. त्या फोटोकडे बघताना मला माझी आई आठवायची, एवढंच. नंतर कळलं, तोच फोटो घेऊन तो नवापूरपासून शहाद्यापर्यंत सगळ्या ख्रिस्ती घरांत फिरला होता. असा ब्रदर कुठल्याच सेमिनरीत नव्हता.

मी तुझ्याकडे शिव्या देत आलो. तू चहा ठेवलास आणि म्हणालास, “मिरचीचं डेठ मोडून बघतोस, फिल्या. माणसाचा फोटो बघून पाकीट काढतोस?”

“तू मास्तर आहेस ना? मग सांग, खरं कसं ओळखायचं?”

“सोपं आहे. पोराच्या हातात रुपया द्यायचा नाही. मध्ये कोणी आला तर त्याच्या हातात तर नाहीच. आधी पोराच्या गावच्या फादरांना विचारायचं. मग सेमिनरीच्या रेक्टरांना, म्हणजे तिथल्या प्रमुखांना विचारायचं. दोघांनी होय म्हटलं तर चेक सेमिनरीच्या नावानं. पावती घ्यायची. त्यात नाटक नाही, फोटो नाही, आजारी बाप नाही. म्हणून कोणाला आवडत नाही.”

मला ते आवडलं. त्यात व्यवहार होता. डोंगरातल्या घरांतून पोरं सेमिनरीत जातात, तिथं आठ-नऊ वर्षं काढायची असतात आणि घरून काही यायचं नसतं, हे तू मला समजावलंस. एका पोराचा सगळा खर्च मी घेतो म्हणालो. पण पोरगा मला दाखव. कोणाचा, कुठला, घर कसं, ते मी बघणार. तू तीन दिवस टाळलंस. मी तीन दिवस फोन केले. शेवटी तू नाव सांगितलंस. अंतोन. म्हसावदच्या पुढं, सातपुड्याच्या पायथ्याचा एक पाडा. पावरा आदिवासी घर. आईचं नाव रेशमीबाई.

ते नाव सांगितल्याचा तुला पुढं पश्चात्ताप झाला. मला ते नाव ऐकल्याचा झाला. तिथून आपल्या भांडणाची सुरुवात.

मी गेलो तो दिवस तुला मी निदान वीस वेळा सांगितला असेल, दर वेळी माझ्या बाजूनं. आज तसा नाही सांगत. जीप अंगणाशी थांबली. अंतोनचा बाप माझ्यासाठी खाट ओढत होता. कुडाला नवं शेण दिलेलं होतं. आणि दारात रेशमीबाई उभी होती. गळ्यात चांदीचा हार, तोही जाड, पोटापर्यंत आलेला. दंडात कडी. कमरेला साखळ्या. पायांत वाळे. मी चांदीचा भाव जाणतो. माझ्या डोक्यात आकडा तयार झाला आणि त्याच्याबरोबर तो गोड बोलणारा माणूस आठवला.

मी खाटेवर बसलोच नाही. उभ्यानं ओरडलो, “अंगावर एवढी चांदी आणि पोराच्या शिक्षणाला आमच्यापुढं हात? मला खुळा समजता काय?” आजूबाजूच्या घरांतली माणसं बाहेर आली. बापाला माझी मराठी नीट कळली नसावी, तो हात जोडून नुसता हसत राहिला. तिला कळली. तिचं तोंड कसं झालं ते मी तुला कधी सांगितलं नाही. तू विचारायचास आणि मी म्हणायचो, लक्ष नव्हतं. लक्ष होतं, लुकास.

त्याच संध्याकाळी मी तुझ्या दारात आलो. “फसवलंस! तुझी गरीब माणसं चांदीनं मढलीत.”

तू आधी मला खुर्चीत बसवलंस. मग म्हणालास, “हार तिच्या जावेचा. कडी शेजारणीची. साखळ्या माहेरून मागून आणल्या, परवा पोरगी पाठवून. पोराचा उपकारकर्ता येणार म्हणून. तू पाहुणा होतास, फिल्या. तुझ्या मानासाठी तिनं ते घातलं होतं.”

मी गप्प झालो असेन असं कोणालाही वाटेल. मी झालो नाही. मला तेव्हा हरायचं कसं ते येतच नव्हतं. मी म्हणालो, “पण मी येणार हे तिला सांगितलं कोणी?”

“मी. निरोप पाठवला.”

“का पाठवलास? माल बघायला जाताना आधी सांगून जातात काय? तू निरोप पाठवला नसतास तर ती रोजच्या लुगड्यात असती. मी घर बघितलं असतं, पटलं असतं, परत आलो असतो. चूक तुझी.”

“कोणाच्या घरी न सांगता जात नाहीत म्हणून पाठवला. ते माणसाचं घर होतं. पोतं नव्हतं.”

एवढंच आपलं भांडण. पुढच्या सात वर्षांत आपण दोघांनी त्यात एक शब्द नवा घातला नाही. मी म्हणायचो निरोप, तू म्हणायचास पोतं.

त्या वर्षाच्या शेवटी अंतोन सेमिनरी सोडून घरी आला. तू मला फक्त तेवढंच सांगितलंस, एका वाक्यात, आणि फोन ठेवलास. मी काय समजायचं ते समजलो. आईचा तसा अपमान झाल्यावर कुठला पोरगा त्या माणसाच्या पैशावर फादर होईल? माझी आई मला फादर करायला निघाली होती आणि मी दुसऱ्याच्या आईच्या दारात उभा राहून तिचा होणारा फादर घालवला. हे मी कोणाशी बोललो नाही. तुझ्याशीही नाही. तुझ्याशी मी निरोपावरूनच भांडत राहिलो.

त्यानंतर तू मला एकही नाव सांगितलं नाहीस. अंतोनच्या जागी दुसऱ्या एका ब्रदरसाठी दर वर्षी मी चेक लिहायचो, दर वर्षी तू तो रेक्टरांकडे पोचवायचास, दर वर्षी शिक्क्याची पावती आणून माझ्या टेबलावर ठेवायचास.

“कोणाला दिले ते तरी सांग.”

“एका ब्रदरला.”

“ब्रदरला नाव असतं.”

“असतं. त्याच्याकडे आहे ते.”

“अरे, मी मिरचीसुद्धा अशी घेत नाही. नाव नाही, गाव नाही, तोंड नाही. मी दिले कोणाला?”

“देवाला दिले म्हण.”

“देव पावती देतो काय?”

“ही काय, शिक्का आहे बघ.” आणि तू हसायचास. तुझ्या हसण्यावर पेपरवेट फेकून मारावासा वाटायचा. एकदा फेकलाही. भिंतीचा तिथला पोपडा अजून तसाच आहे.

मला ते लागायचं. पूर्ण खानदेशात माझ्या शब्दावर मालाच्या गाड्या सुटतात आणि तू मला एका पोराचं नाव सांगण्याच्या लायकीचा समजत नव्हतास. हा राग मी मनात ठेवला. अजून आहे. पण ज्या वर्षी अवकाळी पावसात माझी पथारी पाण्याखाली गेली, मिरची काळी पडली आणि मी तुला यंदा जमत नाही असं दोन शब्दांत सांगितलं, त्या वर्षीही पावती टेबलावर आली होती. माझ्याच नावाची. मी रेक्टरांना फोन करून विचारलं तेव्हा कळलं, तू तुझ्या पेन्शनीतून भरलेस. तुझ्या घराला तेव्हा रंगही नव्हता. मी तुझे आभार मानले नाहीत. पुढच्या वर्षी दुप्पट दिले आणि तूही काही बोलला नाहीस. आपल्यात ते तसंच चालायचं. आता मात्र वाटतं, एकदा तोंडानं म्हणायला काय जात होतं?

दर नाताळला, केक खाऊन झाला की तू उठता उठता म्हणायचास, “रेशमीबाईकडे जाऊन ये एकदा.”

“फी भरतोय ना मी?”

“ती दुसऱ्याची. तिच्याकडे जाऊन ये. चुकलं म्हण. दोन शब्द आहेत.”

“बघू.”

या नाताळलाही मी बघू म्हणालो. या वेळी तू दारात थोडा जास्त थांबलास, असं मला आता वाटतं. कदाचित चप्पल सापडत नसेल.

तुझ्या मातीनंतर आठवडा झाला असेल. चर्चच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक फोटो आला. पांढरा झगा, हात जोडलेले, खाली खाते नंबर आणि ‘गरीब ब्रदरला मदत करा, आज शेवटचा दिवस’. एका तासात अकरा जणांनी मला फोन केला. तुला करायचे ते. मास्तर नाहीत, शेठ, तुम्हीच सांगा, खरं आहे का? मी काय सांगणार? मी बसलो आणि तू सांगितलेल्या क्रमानं गेलो. संदेशात गाव होतं, त्या गावच्या फादरांना फोन केला. असा मुलगा नाही म्हणाले. मग रेक्टरांना केला. तेही नाही म्हणाले. ग्रुपवर लिहिलं, पैसे पाठवू नका, खोटं आहे. एका म्हातारीनं आधीच पाठवले होते. ती माझ्यापुढं रडली आणि मला माझाच फोटो आठवला, म्हणजे मी फसलो होतो तो.

रेक्टर फोन ठेवताना म्हणाले, “मास्तर गेले. आता मधे कोणी नाही. तुमच्या ब्रदरचं नाव तुम्हाला मी सांगू शकतो. सांगू का?”

सात वर्षं मी ज्यासाठी डोकं फोडून घेतलं ते माझ्या कानाशी आलं होतं. मी म्हणालो, “थांबा, फादर. मला आधी एका ठिकाणी जायचंय.”

काल सकाळी निघालो. या वेळी निरोप पाठवण्यासारखं माझ्याकडे कोणी नव्हतं. म्हसावदला थांबून रस्ता विचारला, कारण तो मी विसरलो होतो. पुढं फोनची रेंज गेली. पाड्यावर पोचलो तेव्हा रेशमीबाई अंगणात ज्वारी पाखडत होती. तिनं मला ओळखलं. सुपाचा हात थांबला. मग तिनं माझ्या मागं, जीपकडे पाहिलं.

“मास्तर नाही आले बरोबर?”

लुकास, त्यांना माहीत नव्हतं. फादर त्या पाड्यावर महिन्यातून एकदा मिस्सेच्या प्रार्थनेला येतात आणि तो दिवस अजून यायचा होता. मी रस्ताभर दोन शब्द घोकत आलो होतो. ते राहिले बाजूला, आणि मला हे सांगावं लागलं. मी वाईट बातम्या सांगितल्यात आयुष्यात, भाव पडल्याच्या, माल सडल्याच्या. ही सांगता येईना. “मास्तर गेले,” म्हणालो. तिनं आधी विचारलं, “कुठं?” मग तिला समजलं. सूप खाली ठेवून ती तिथंच मातीत बसली आणि तिच्या बोलीत रडायला लागली. त्यातला मला फक्त तुझा उल्लेख कळत होता. मास्तर, मास्तर. ‘दर वर्षी येत होते,’ असं ती मधेच मराठीत म्हणाली, तेव्हा मला कळलं की तू तिथं जात होतास. मला तू हेही सांगितलं नव्हतंस.

रडणं ऐकून अंतोन शेताकडून धावत आला. चांगला भरलेला बाप्या झालाय, दोन पोरं आहेत त्याला. त्याला सांगितलं. तो कुडाला टेकून उभा राहिला. मग मी म्हणालो, “अंतोन, माझ्यामुळं तुझी सेमिनरी सुटली.”

त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी काही तरी चुकीचा भाव बोललोय. “तुमच्यामुळं? नाही, शेठ. मला ते जमत नव्हतं. आदल्या वर्षापासूनच. सांगायची हिंमत नव्हती. तुम्ही येऊन गेलात त्या वर्षाच्या शेवटी मास्तरांना सगळं सांगितलं. त्यांनीच रेक्टरांशी बोलून मला मोकळं केलं.”

“मास्तरांना माहीत होतं?”

“मी सांगितलं त्या दिवसापासून.”

मी अंगणात उभ्यानं तुझ्यावर ओरडलो, लुकास. त्या दोघांसमोर, आभाळाकडे तोंड करून. सात वर्षं! सात वर्षं मी एका पोराचं आयुष्य घालवल्याचं ओझं घेऊन झोपलो आणि तुला ठाऊक होतं की ते माझं नाही. एका वाक्यानं सुटलो असतो मी. दिलं नाहीस ते वाक्य. आणि ओरडता ओरडता मला कळलं, का दिलं नाहीस. ते वाक्य मिळालं असतं तर मी हिशेब मिटला म्हणून मोकळा झालो असतो. पोरगा माझ्यामुळं गेला नाही, मग झालं. इथं कधीच आलो नसतो. या बाईचं तोंड कसं झालं होतं, ते तसंच राहिलं असतं. मी सौदे करणारा माणूस, आणि तू माझ्याशी सात वर्षं एक सौदा केलास आणि मला कळूही दिला नाहीस.

रेशमीबाईनं डोळे पुसले होते. माझं ओरडणं संपेपर्यंत ती थांबली. मग मोडक्या मराठीत म्हणाली, “मास्तरांशी भांडण घरी जाऊन करा. हात धुवा.”

“नको, मी...”

“त्या दिवशी तुम्ही न जेवता गेलात. कोंबडी कापली होती. शेजाऱ्यांनी खाल्ली. आमच्या दोघांच्या घशाखाली नाही उतरली.”

हे तुला माहीत होतं का? मला वाटत नाही. हे तिनं तुलाही सांगितलं नसेल.

मी हात धुतले. भाकरी होती आणि उडदाची डाळ. पहिला घास तोंडात घालायच्या आधी मी म्हणालो, “रेशमीबाई, माझं चुकलं.” तिनं मान हलवली नाही, माफ केलं असंही म्हणाली नाही. आणखी एक भाकरी आणून ताटात ठेवली. तेव्हा मला रडू आलं. तुझ्या मातीला न आलेलं. घास तोंडात तसाच होता. अंतोन उठून गुरांना पाणी दाखवायला गेला, म्हणजे मला एकटं रडता यावं म्हणून गेला.

“मास्तरांना कुठं ठेवलंय?” तिनं विचारलं.

मी सांगितलं. नवापूरच्या चर्चमागं, डाव्या हाताला, अजून दगड बसवलेला नाही.

“आम्हाला न्या.”

रेक्टरांना त्या ब्रदरचं नाव मी अजून विचारलेलं नाही. रविवारी मिस्सा झाली की मी तिला आणि अंतोनच्या बापाला तुझ्याकडे घेऊन येतोय. मला सात वर्षं उशीर झाला, लुकास.